दोरी बदलली, मग गाठही बदलायची का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्रलेखक लहानपणापासून काकांबरोबर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातात. गळ बांधण्याची एकच गाठ काकांनी त्यांना शिकवली. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवायची, तिच्याच भोवती पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या लहान फाशातून आणि मग मोठ्या फाशातून काढून आवळायचे. 'सुधारित क्लिंच' म्हणतात ती हीच. तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीवर, या गाठीने त्यांना कधी दगा दिला नाही. अलीकडे त्यांनी रिळावर तंगुसाऐवजी विणलेली, म्हणजे ब्रेडेड दोरी भरली आणि तेव्हापासून दोन मोठे मासे गळासकट गेले. काकांचे म्हणणे असे, की नवी दोरीच कुचकामी आहे, तंगूस परत भर. मित्र म्हणतात, गाठ जुनाट आहे, 'एफजी' ही गाठ शिकल्यावाचून गत्यंतर नाही. कोणी पालोमार नावाची गाठ सुचवतो, कोणी वेढे वाढवायला सांगतो, तर कोणी गाठीवर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकायला सांगतो. पत्रलेखक विचारतात, 'सर्वांत मजबूत गाठ नेमकी कोणती? तेवढी एक नीट शिकून घेईन. आणि काकांची गाठ सोडली तर त्यांना वाईट वाटेल, त्याचे काय करू?'

उत्तर :

तुमच्या पत्रात मासे कसे लागले, किती वेळ झुंजले, काका काय म्हणाले, मित्र काय म्हणाले, हे सगळे तपशिलाने आले आहे. एका गोष्टीचा उल्लेख मात्र कुठेच नाही : मासा गेल्यावर रिळावर परत गुंडाळून आलेले दोरीचे टोक कसे दिसत होते? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या टोकावर होते आणि चिडून ते टोक बहुधा कापून फेकले गेले. दोष गाठीचा आहे हे तुम्ही, काकांनी आणि मित्रांनी आधीच धरून चालले आहे. काका त्याला दोरीचा दोष म्हणतात एवढाच फरक. ते गृहीतच आधी तपासून पाहू.

टोक वाचायला फारसे काही लागत नाही, उजेड आणि थोडा धीर पुरतो. तंगुसाचे टोक स्प्रिंगसारखे कुरळे होऊन आले असेल, तर गाठ तुटलेली नसून सुटलेली आहे. वेढ्यांचा आकार दोरीने धरून ठेवला आणि टोक त्यातून सरकत बाहेर आले. ब्रेडेड दोरी असा कुरळा आकार फारसा धरत नाही, पण तिच्यावर वेढ्यांच्या जागी बारीक मुडपल्याच्या खुणा राहतात आणि शेवटी तुम्ही कात्रीने कापलेले टोक जसेच्या तसे दिसते. ते कापलेले टोक सापडले, की गाठ सुटली याबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही. याउलट कुरळेपणा नाही, कात्रीचा काप नाही आणि दोरी एकदम तुटल्यासारखी संपते, तर ती गाठीपाशी तुटली असण्याचा संभव मोठा. शेवटचा वीतभर भाग खरखरीत लागत असेल, किंवा ब्रेडेड दोरी कापसासारखी पिंजलेली असेल, तर ती खडकावर, शिंपल्यांवर किंवा बुडालेल्या झाडावर घासली गेली आहे. टोक धारदार पात्याने कापल्यासारखे असेल तर ते माशाच्या दातांचे काम असू शकते. आणि गाठीपासून दोन-चार हात वर दोरी तुटत असेल, तर रॉडच्या कड्या तपासा. प्रत्येक कडीतून थोडा कापूस फिरवा. आतल्या रिंगेला बारीक चीर असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात. शेवटच्या तीन प्रकारांत जगातली कोणतीही गाठ तुमच्या उपयोगाची नाही.

असे असले तरी तुमच्या हकिगतीत गाठ सुटली असण्याचीच शक्यता मला सर्वांत जास्त वाटते, आणि त्याचे कारण दोरीच्या जातीत आहे. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच अखंड तंतू. तो ताणला की लांबतो, आवळला की किंचित दबतो आणि एक वेढा दुसऱ्या वेढ्यात रुतून बसतो. क्लिंच गाठ या रुतण्यावरच उभी आहे. ब्रेडेड दोरी अतिशय लांब रेणूंच्या पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची वीण असते. ती जवळजवळ ताणली जात नाही आणि अंगाने इतकी निसरडी असते, की तेच पाच वेढे एकमेकांवर रुतत नाहीत, नुसते टेकून राहतात. हाताने ओढून पाहिले तर गाठ भक्कम वाटते, पण मासा धक्के देऊ लागला की दर धक्क्याला टोक केसभर आत सरकते. म्हणून काका आणि तुमचे मित्र दोघेही अर्धे बरोबर आहेत. काकांची गाठ खोटी नाही आणि तुमची दोरीही खोटी नाही. जोडी जुळत नाही.

तिसऱ्या जातीच्या दोरीचाही इथेच उल्लेख करतो, कारण पुढे तिची गरज पडेल. फ्लुरोकार्बन दिसायला तंगुसासारखे असते, पण ते जड असल्यामुळे तंगुसापेक्षा लवकर बुडते, घासण्याला बरे तोंड देते आणि त्याचा वक्रीभवनांक सुमारे 1.42 म्हणजे पाण्याच्या 1.33 च्या बराच जवळ असल्याने पाण्यात कमी दिसते. नायलॉनचा हा आकडा 1.53 च्या आसपास आहे. हे गुण खरे आहेत. पण फ्लुरोकार्बन ताठ आणि कठीण असल्यामुळे वेढे नीट बसवायला त्रास देते, आणि कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथल्या तिथे इजा होते. गाठीजवळ फ्लुरोकार्बन पांढुरके किंवा चुरगळल्यासारखे दिसले, तर ती गाठ कापून टाका. ती हाताच्या ओढीला टिकली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. 'सर्वांत मजबूत गाठ कोणती' या प्रश्नामागे अशी समजूत आहे, की प्रत्येक गाठीची ताकद ठरलेली असते आणि जिचा आकडा मोठा ती जिंकते. गाठीच्या जागी दोरी वळते, वळणाच्या बाहेरच्या बाजूवर ताण एकवटतो, म्हणून बहुतेक सगळ्या गाठी दोरीची काही ताकद खातात, हे खरे. नकळत पडलेली साधी निरगाठ तर ती जवळपास निम्म्यावर आणते, म्हणून दोरीत अशी गाठ दिसली की तेवढा भाग कापलेला बरा. पण हा तोटा तुमच्या कामात किती आडवा येतो, याचा हिशेब करून पाहा. समजा तुमची दोरी दहा किलो ओढ सोसणारी आहे. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रिळावरून दोरी सुटू लागावी हे ठरवणारा अटकाव, साधारणपणे दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावतात, म्हणजे अडीच ते सव्वातीन किलो ओढ लागली की रिळावरून दोरी सुटू लागली पाहिजे. गाठीने दोरीची 40 टक्के ताकद खाल्ली तरी सहा किलो शिल्लक राहतात, म्हणजे ड्रॅगच्या जवळपास दुप्पट. मग 80 टक्के टिकणारी गाठ आणि 90 टक्के टिकणारी गाठ यांतल्या फरकाने तुमचा मासा गेला असे म्हणता येईल का? गाठ दगा देते तेव्हा ती 90 वरून 80 वर आलेली नसते. चुकीच्या दोरीवर बसलेली, कोरडी आवळलेली किंवा वेढे एकमेकांवर चढलेली ती गाठ 30 वर किंवा त्याच्याही खाली घसरलेली असते. म्हणून एखाद्या गाठीचा सर्वांत चांगला आकडा किती, यापेक्षा तुमच्या हातून तिचा सर्वांत वाईट आकडा किती निघतो हे पाहिले पाहिजे. दहा वेळा बांधली तर दहाही वेळा सारखीच बसते, ती गाठ तुमची.

याच हिशेबात ड्रॅगबद्दल दोन शब्द. ड्रॅग बोटांच्या अंदाजाने लावू नका. दोरीच्या टोकाला वजनाचा काटा अडकवा, रॉड वाकवून ओढा आणि किती किलोवर दोरी सुटते ते वाचा. मासा बरीच दोरी घेऊन गेला आणि रिळावरचा घेर निम्मा उरला, तर त्याच ड्रॅगला दोरीवरची ओढ सुमारे दुप्पट होते, हेही लक्षात असू द्या. त्यातच ब्रेडेड दोरी ताणली जात नसल्याने तंगूस जो धक्का स्वतःत जिरवत असे, तो आता सरळ गाठीवर येतो. काकांच्या हाताला तंगुसाच्या ताणाची सवय आहे, आणि तोच हात तुम्ही उचलला असणार. ब्रेडेड दोरीवर ड्रॅग थोडा सैल ठेवा आणि गळ रुतवताना झटका कमी द्या.

आता तुमच्यापुढचे मार्ग पाहू. तंगूस परत भरणे हा पराभव नाही. तुम्ही जवळच्या पाण्यात, आमिष लावून, मध्यम माशांसाठी गरवत असाल तर तंगुसाचा ताण तुमच्या चुका पोटात घालतो, गाठ ओळखीची राहते आणि गुंता सोडवणेही सोपे जाते. पण ब्रेडेड दोरी तुम्ही काही विचाराने घेतली असणार : ती त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा बरीच बारीक असते, म्हणून लांब जाते, आणि खोल पाण्यातली हलकी ठोकर हाताला कळवते. हे फायदे हवे असतील तर दोरी ठेवा आणि बांधणी बदला.

ब्रेडेड दोरी सरळ गळाला बांधायची असेल तर पालोमार शिका. साधारण वीतभर दोरी दुमडून तिचा फास नेढ्यातून ओवा, त्या दुहेरी दोरीची सैल निरगाठ मारा, गळ खाली लोंबकळू द्या, आणि मग फास संपूर्ण गळावरून पलीकडे घ्या. त्यानंतर गाठ ओली करून दोन्ही दोऱ्या मिळून सावकाश ओढा. दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. निरगाठ मारताना दुहेरी दोऱ्या एकमेकींवर चढतात आणि मग वरची दोरी खालचीला कापू पाहते; त्या शेजारी-शेजारी, समांतर राहिल्या पाहिजेत. दुसरे असे, की फास गळाच्या पूर्ण खाली उतरून परत नेढ्याच्या वर येण्याऐवजी दांड्यावर किंवा नेढ्याच्या कडेवरच अडकतो आणि तसाच आवळला जातो. आवळण्याआधी गाठ डोळ्यांजवळ धरा आणि फास कुठे बसला ते पाहा, एवढ्याने दोन्ही चुका टळतात. फार बारीक ब्रेडेड दोरी असेल तर फास नेढ्यातून दोनदा ओवावा. तीन-तीन काट्यांच्या मोठ्या कृत्रिम आमिषाला मात्र पालोमार गैरसोयीची आहे, कारण तेवढे सगळे धूड फाशातून काढावे लागते.

नेढ्याकडेही नजर टाका. पुष्कळ गळांचे नेढे तार वळवून केलेले असते आणि तारेचे टोक जिथे दांड्याला भिडते तिथे फट राहते. तंगूस त्या फटीत शिरत नाही. बारीक ब्रेडेड दोरी शिरते आणि तारेच्या काठावर कापली जाते किंवा सरळ निसटते. तुमचे दोन्ही मासे याच फटीतून गेले असणे अगदी अशक्य नाही, आणि तसे असेल तर गाठीला फुकट बोल लागला.

माझी शिफारस मात्र दुसरी आहे, आणि तिच्यात काकांचाही प्रश्न सुटतो. ब्रेडेड दोरी सरळ गळापर्यंत नेऊच नका. मधे दीड-दोन हात तंगुसाचा किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांना जोडणारा तुकडा, लावा. ब्रेडेड दोरी पाण्यात ठळक दिसते आणि ताणाखाली खडकाला घासली की लवकर तुटते. लीडर या दोन्ही उणिवा झाकतो आणि थोडा धक्काही जिरवतो. आणि तंगुसाचा लीडर असला की गळाच्या टोकाला तुमच्या काकांची सुधारित क्लिंच जशीच्या तशी राहते. तिथे ती उत्तम आहे. एवढेच पाहा, की लीडर फार जाड, म्हणजे 25-30 पाउंड (सुमारे 11-14 किलो) ताकदीच्या पुढचा असेल तर पाच वेढे नीट दाबून बसत नाहीत. अशा जाडीला वेढे कमी करा किंवा युनी ही गाठ वापरा, ती पुढे सांगतो.

मग प्रश्न उरतो तो ब्रेडेड दोरी आणि लीडर जोडण्याचा. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मधे लहान भोवरकडी, म्हणजे दोन्ही टोकांना कडी असलेली आणि स्वतःभोवती फिरणारी जोडणी घालणे, जिला बाजारात स्विव्हल म्हणतात. एका बाजूला ब्रेडेड दोरीची पालोमार, दुसऱ्या बाजूला लीडरची क्लिंच. फक्त पालोमारचा फास पूर्ण भोवरकडीवरून घ्यावा लागतो, म्हणून ती आधी ब्रेडेड दोरीला बांधा आणि लीडर नंतर. तळाला शिसे सोडून गरवणाऱ्याला यापलीकडे काही लागत नाही. मात्र शिसे दोरीवर मोकळे सरकत असेल, तर शिसे आणि भोवरकडी यांच्यामध्ये एक रबरी किंवा प्लॅस्टिकचा मणी अवश्य घाला, नाहीतर दर फेकीला शिसे गाठीवर आदळून ती हळूहळू चेचली जाते. ही अडचण मला फार वेळा दिसते आणि तिचा दोषही दर वेळी गाठीच्या माथी येतो.

भोवरकडी रॉडच्या कड्यांतून आत जात नाही, म्हणून लांब लीडर हवा असेल तर दोरीला दोरी जोडावी लागते. त्यासाठी आधी दुहेरी युनी शिका. साधी युनी अशी : टोक नेढ्यातून ओवून मागे वळवा, मूळ दोरीशेजारी धरा, त्या टोकाचा एक फास करा आणि त्या फाशातून दोन्ही दोऱ्यांभोवती पाच-सहा वेढे द्या, मग टोक ओढून वेढे गोळा करा आणि मूळ दोरी ओढून गाठ नेढ्यापर्यंत सरकवा. अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे लेखक व्हिक डनवे यांनी या गाठीचा मोठा पुरस्कार केला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे, कारण हीच एक गाठ गळाला, भोवरकडीला, रिळाच्या चक्रीला आणि दोरीला दोरी जोडायलाही चालते. दुहेरी युनीत दोन दोऱ्यांची टोके एकमेकींसमोरून आणून प्रत्येकीने दुसरीभोवती युनी मारायची आणि मग मूळ दोऱ्या ओढून दोन्ही गाठी एकमेकींना भिडवायच्या. इथे वेढ्यांची संख्या सारखी ठेवू नका : लीडरला चार-पाच वेढे पुरतात, निसरड्या ब्रेडेड दोरीला सात-आठ द्या. तुम्हाला एकच गाठ शिकायची असेल, तर 'सर्वांत मजबूत' म्हणून नव्हे, पण सर्वांत जास्त ठिकाणी उपयोगी पडणारी म्हणून मी युनीचे नाव घेईन.

एफजीबद्दल तुमचे मित्र चुकीचे सांगत नाहीत, फक्त घाई करतात. एफजीत लीडरला गाठ पडतच नाही. ब्रेडेड दोरी त्याच्याभोवती आलटून-पालटून साधारण वीस वेळा विणली जाते आणि ओढ वाढेल तशी ती वीण लीडरला आणखी कवटाळते. म्हणून जोड बारीक राहतो, कड्यांतून सुळकन जातो, आणि लीडर वळत नसल्यामुळे ताकदही उत्तम राहते. जाड लीडर लावून दिवसभर लांब फेकी करणाऱ्याने ती जरूर शिकावी. पण विणताना ब्रेडेड दोरी सतत ताणलेली राहावी लागते, आणि हलत्या होडीत, वाऱ्यात, ओल्या हातांनी ते साधणे अवघड आहे. नीट बसलेली एफजी डोळ्यांना ओळखू येते : जोरात ओढल्यावर वीण आखडते आणि तेवढ्या भागात ब्रेडेड दोरीचा रंग गडद होतो. रंग बदलला नाही तर वीण अजून सैल आहे, ती मासा लागल्यावर सरकणार हे नक्की समजा. घरी निवांत बसून आधीच बांधून नेता येत असेल तर एफजी. पाण्यावर जोड तुटला आणि लगेच बांधायचा असेल तर दुहेरी युनी.

वेढे वाढवण्याचा सल्ला अर्धवट आहे. बारीक आणि निसरड्या दोरीला जास्त वेढे लागतात, जाड आणि ताठ दोरीला कमी. जाड तंगुसावर आठ वेढे दिले तर ते आवळतच नाहीत. गाठ वरून घट्ट दिसते आणि आत पोकळ राहते. गोंदाचा थेंबही तसाच. सैल गाठीवरचा गोंद दोष फक्त झाकतो, आणि घट्ट गाठीला त्याची गरज नसते.

गाठ आवळण्याच्या रीतीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण गाठीच्या निवडीपेक्षा तिथे जास्त मासे जातात. वेढे गोळा होईपर्यंत हलक्या हाताने ओढा, मग थांबा. थुंकीने किंवा पाण्याने गाठ पूर्ण भिजवा, आणि त्यानंतर झटका न देता एकाच सलग ओढीने ती बसवा. पॉलिएथिलीन 150 अंश सेल्सिअसच्या आतच वितळते आणि नायलॉन त्याच्या बरेच वर, पण वितळण्याच्या आधीही घर्षणाची उष्णता दोन्हींना कमकुवत करते. बसलेले वेढे एकाशेजारी एक, मळसूत्रासारखे दिसले पाहिजेत. एक वेढा जरी दुसऱ्यावर चढलेला दिसला तरी कापा आणि पुन्हा बांधा. मोकळे टोक तंगुसात दोन-तीन मिलिमीटर ठेवा, ब्रेडेड दोरीत त्याच्या दुप्पट. टोक काडीने जाळून गोळा करण्याची सवय काहींना असते, पण ज्योत गाठीच्या इतक्या जवळ नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकीच्या सामानाबद्दल थोडक्यात. आमिष लावायच्या गळाला, विशेषतः नेढे मागे किंवा पुढे झुकलेले असेल तर, दांड्यावर वेढे घेणारी स्नेल गाठ चांगली, कारण ओढ दांड्याच्या रेषेत येते. दोरी गळाच्या टोकाच्या बाजूने नेढ्यात घातली तर ओढ बसताच टोक बाहेर वळते आणि चांगले रुतते. नेढे नसलेल्या, चपट्या डोक्याच्या गळाला तर तीच बांधावी लागते. जिवंत माशासारखे डोलणारे कृत्रिम आमिष असेल तर नेढ्यावर घट्ट बसणारी गाठ त्याची चाल बिघडवते; तिथे न सरकणारा मोकळा फास ठेवणारी गाठ घ्या. ब्रेडेड दोरी रिळाच्या गुळगुळीत चक्रीवर सरळ बांधली तर कितीही चांगली गाठ असली तरी सगळा गठ्ठा चक्रीवर गरगर फिरतो आणि ड्रॅग बिघडल्यासारखे वाटते, म्हणून आधी तंगुसाचे काही वेढे भरा. तीक्ष्ण दातांच्या माशासाठी तारेचा लीडर लागतो, आणि एकेरी तारेला दोरीची गाठ चालत नाही, तिला पीळच द्यावा लागतो.

आता काकांचा प्रश्न. त्यांना वाईट वाटेल या भीतीने तुम्ही चुकीची जोडी चालवत राहिलात, तर आणखी मासे जातील आणि त्यांचे मत आणखी पक्के होईल. वाद घालण्याऐवजी त्यांच्यासमोर एक परीक्षा करा, किंबहुना त्यांनाच करू द्या. हातभर ब्रेडेड दोरी घ्या, एका टोकाला भोवरकडी त्यांच्या हातच्या क्लिंचने बांधायला सांगा, दुसऱ्या टोकाला दुसरी भोवरकडी तुम्ही पालोमारने बांधा. एक भोवरकडी मजबूत खिळ्यात अडकवा, दुसरी वजनाच्या काट्याला लावा आणि हळूहळू ओढा. कोणती गाठ आधी जाते, ते सगळ्यांनाच दिसेल. मग तेच तंगुसावर करा. तिथे काकांची गाठ कशी उभी राहते, तेही पाहण्यासारखे असेल. असे निदान चार-पाच वेळा करा आणि दर वेळचा आकडा लिहून ठेवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, कारण तुटलेली भोवरकडी गोळीसारखी उडते, आणि ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नका; ती कातडी कापत जाते. ज्यांनी हयातभर हाताने गाठी बांधल्या आहेत, त्यांना दोरी सरकताना डोळ्यांनी दिसली की समजावून सांगावे लागत नाही. शिवाय लीडरच्या टोकाची गाठ त्यांचीच राहणार आहे, हेही त्यांना सांगा.

पुढच्या वेळी निघण्याआधी जोड घरीच बांधा. पाण्यावर गेल्यावर मोठा मासा झुंजून हाती आला, किंवा गळ खडकात अडकून जोरात ओढून सोडवावा लागला, की गाठ शाबूत दिसत असली तरी शेवटचा वीतभर भाग कापून नव्याने बांधा. मधूनमधून लीडर दोन बोटांत धरून गळापासून वरपर्यंत चाचपा आणि नखाला खरखर लागली की तेवढा भाग काढून टाका. कापलेले तुकडे पाण्यात किंवा काठावर टाकू नका, खिशात घालून घरी आणा. नायलॉन पाण्यात कुजत नाही आणि पक्ष्यांच्या पायांत तेच तुकडे अडकतात. आणि यानंतरही एखादा मासा गेला, तर दोरीचे टोक कापण्याआधी उजेडात धरून पाहा, आणि ते कसे दिसते ते मला सविस्तर लिहून कळवा.